शून्य चुकीची बायको

विजय,

काल तुझ्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता. तुझा फोटो मोठा करून लावला होता, त्याला झेंडूचा हार. फोटोही नेमका तोच, ज्यात तू डोळे बारीक करून हसतोस आणि जो मला कधीच आवडला नाही. तुझे देशमाने सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, नवरा-बायकोला एकमेकांच्या मनातलं किती कळतं, हे मोजायची विजय सरांनी एक साधी रीत बसवली, खेड्यापाड्यात नेली, शेकडो जोडप्यांना शहाणं केलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि सर नेहमी अभिमानानं सांगायचे, ज्यांची चूक शून्य आहे असं एकच जोडपं मी पाहिलंय, आणि ते माझ्याच घरात राहतं. वहिनी, दोन शब्द बोला."

लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. शोकसभा आहे हे आठवलं तसे हात खाली घेतले. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. शून्य चुकीची बायको म्हणजे दिसते तरी कशी, ते बघत होते.

मी उठले आणि माईक घेतला. काय बोलले ते तुला सांगणार आहेच, लपवणार नाही. पाठीमागून कारभार करायची सवय तुझी, माझी नव्हे. पण आधी माझं ऐकून घे. तू गेल्यापासून तुझ्याशी सरळ बोलताच आलेलं नाही. घरात सारखी माणसं. जो येतो तो तुझे गुण गातो, आणि मला मान डोलवावी लागते.

तुझी रीत मला तोंडपाठ आहे. ती आपल्याच स्वयंपाकघरात निघाली. पहिल्यांदा तू गावोगावी छापील प्रश्न घेऊन जायचास. मिरजगावला तुझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईंच्या ओळखीनं दहा-बारा जोडपी जमवलीस आणि विचारलंस, "तुम्हाला तुमच्या पत्नीच्या भावना समजतात का?" त्या कांदेवाल्या आबासाहेबांनी मिशा पिळत उत्तर दिलं होतं, "समजत्यात की. न समजायला काय झालं?" शेजारी त्यांची बायको कांताबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हणाल्या, "सर, माझं डोकं कोणत्या अंगानं दुखतं ते इचारा ह्यांना." सगळ्यांनी 'खूप समजतात' वर खूण केली. तू घरी येऊन कागद सोफ्यावर आपटलेस. "सगळेच राम-सीता, शुभे. काय करू मी यांचं?"

मी जमिनीवर बसून वर्षाची चिंच साफ करत होते. चिंचोक्यांचा ढीग पडला होता. तू मुठीत चिंचोके घेऊन खुळखुळवत बसलास, आणि थोड्या वेळानं उठून फळीवरच्या चार वाट्या काढल्यास. त्या संध्याकाळी आपला भात करपला, पण तुझी रीत सापडली.

दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. प्रत्येकापुढं दोन वाट्या पालथ्या. आज जिवाला किती जड आहे तेवढे चिंचोके एका वाटीखाली ठेवायचे. काहीच नसेल तर एकही नाही, सोसवेना झालं असेल तर दहा. दुसऱ्या वाटीखाली जोडीदाराच्या जिवाला किती जड आहे, त्याचा आपला अंदाज. मग तोंडं फिरवायची आणि वाट्या उचलायच्या. बायकोनं स्वतःचे सहा ठेवलेत आणि नवऱ्यानं तिचे दोन धरलेत, तर नवऱ्याची चूक चार. लिहिणं नाही, वाचणं नाही, 'खूप' नाही. मिरजगावला पुढच्या खेपेला आबासाहेबांनी बायकोचे दहा धरले. "हिला कायमच धा," म्हणाले. कांताबाईंनी स्वतःचा एकच ठेवला होता. म्हणाल्या, "आज लई बरं वाटतंय मला, सकाळधरनं घराबाहेर हाये." ते सांगताना हसून हसून खोकला लागला होता तुला.

आणि आपण. आपण दर रविवारी दुपारच्या चहानंतर बसायचो. फक्त आपण पाठीला पाठ लावायचो नाही. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून माझी कंबर धरलेली असायची, मला टेकायला भिंत लागायची. "आपल्याला काय करायचंय पाठ फिरवून," तू म्हणालास, "आपण घरचेच." मी भिंतीला टेकून, तू समोर मांडी घालून. तिथंच सगळं फसलं, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवातीला आपल्या चुका केवढ्या असायच्या! भंडारदऱ्याला गेलो होतो ते आठवतंय? धरणाच्या भिंतीजवळ कणीस खात बसलो होतो. तू खिशातून चिंचोके काढलेस. वाट्या नव्हत्या, म्हणून रुमालाखाली ठेवले. मी तुझा एकही धरला नव्हता. म्हटलं, पाणी समोर, बायको शेजारी, हातात कणीस, या माणसाला कशाचं जड असणार? रुमाल उचलला तर आठ. तुझ्या कॉलेजात तुला डावलून दुसऱ्याला विभागप्रमुख केलं होतं आणि तू आठवडाभर बोलला नव्हतास. मी चिडले. "बोलायला काय झालं होतं? मी काय ज्योतिषी आहे?" तू चिडलास, "एवढं ओळखता येत नाही तुला?" येताना अर्ध्या रस्त्यात आपण एकमेकांकडे पाहिलं नाही. राजूरला चहाला थांबलो आणि तिथं तू सगळं सांगितलंस. कुणी काय म्हणालं, तुला काय वाटलं, घरी येऊन का बोलवेना. चहावाल्यानं दोनदा विचारलं, अजून काही हवंय का. त्या टपरीवर मला तुझ्याबद्दल जे कळलं, ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. चूक आठची होती, पण नंतरचं बोलणं खरं होतं. आता मागे वळून बघते तर वाटतं, आपले चांगले दिवस ते चुकांचे दिवस होते.

तुला माझं कळायचं, हे मी नाकारत नाही. मेलेल्या माणसावर खोटा आळ घेणार नाही. दारातून आत यायच्या आधीच तुला मशीनच्या आवाजावरून कळायचं. "आज मशीन तावात आहे, कोण बोललं तुला?" असं चपला काढताना विचारायचास. आई गेली त्या वर्षी मी कुणाजवळ रडले नव्हते, आणि तू एक दिवस गिऱ्हाइकांना खालूनच परत पाठवलंस, मशीनवर चादर टाकलीस आणि म्हणालास, "चल, रड आता." एखाद्या पोरीच्या ब्लाउजचा गळा बिघडला की तू भेळ घेऊन यायचास, एक शब्द न विचारता. असं माणूस मिळालं म्हणून मी देवापुढं हात जोडलेत रे. म्हणूनच इतकं लागलंय. ज्याला काही कळतच नाही अशा माणसानं फसवलं असतं तर मी चार शिव्या घालून कामाला लागले असते.

मग गेल्या दीड वर्षात मी एकदम हुशार झाले. दर रविवारी मी तुझे धरलेले चिंचोके बरोबर यायला लागले. मी दोन धरले, तुझे दोन. मी तीन धरले, तुझे तीन. तू वाटी उचलून कपाळाला हात लावायचास, "शुभे, तुझ्यापुढं आता काही लपत नाही बुवा." मी फुगायचे. शेजारणींना सांगायचे, ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांना सांगायचे. तू वर्गात सांगितलंस, गावोगावच्या जोडप्यांना सांगितलंस. बरोबर आलं की पुढं बोलायचं कारणच राहायचं नाही. वाट्या धुऊन फळीवर, आणि तू फिरायला बाहेर.

माझा धंदा मापांचा. बाई दारात उभी राहिली की तिची छाती-कंबर मला टेप न लावता कळते, वजन वाढलंय की कमी झालंय ते ती नाकारायच्या आत कळतं. त्या वर्षात तुझ्या सगळ्या पॅन्ट मी कमरेत आत घेतल्या. आधी दोन इंच, मग आणखी. तुझ्या कमरेभोवती टेप धरून म्हटलं, "अरे, हाडं लागायला लागली. काय चाललंय?" तू म्हणालास, "डाएट. साखर बंद, भात बंद, रोज सावेडीपर्यंत पायी चक्कर." मी म्हटलं, "बुजगावणं दिसतोस." आणि हसून शिलाई मारली. त्याच रविवारी मी तुझे दोन धरले आणि तुझे दोन निघाले. टेप मला सांगत होती, विजय. पण तू म्हणालास दोन, आणि मी तुझं ऐकलं. नवऱ्याचं ऐकू नये तर कुणाचं ऐकावं?

कॅल्शियमची ती पांढरी बाटली. "वय झालं आता, हाडं जपायला हवीत," म्हणून ताईंच्या मेडिकलमधून आणलेली. रोज रात्री जेवल्यावर मीच विचारायचे, "कॅल्शियम घेतलंस का?" तू विसरायचास, की विसरल्यासारखं करायचास, आणि मी पाण्याचा पेला आणून द्यायचे. तुझ्या आजाराचं औषध दीड वर्ष मी माझ्या हातानं तुला देत होते आणि मला पत्ता नव्हता. हे तुला कसं जमलं रे?

त्या सकाळी तू बाथरूममध्ये पडलास. बेसिनमध्ये रक्त होतं. रिक्षा करून दवाखान्यात नेलं, आणि वाटेत ताईंना फोन केला. तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "आधी काही त्रास?" मी म्हटलं, "छे हो. यांना साधी सर्दी होत नाही. उलट वर्षभर डाएट करतात, रोज फिरतात." चांगली छाती काढून सांगितलं. डॉक्टर तुला सोनोग्राफीला घेऊन गेला. परत आला तेव्हा ताई मिरजगावहून पोचल्या होत्या, माझ्या मागे उभ्या होत्या.

"लिव्हरची गाठ कधीपासून आहे?" डॉक्टरनं मला विचारलं.

"कसली गाठ?" मी म्हटलं.

मागून ताई बोलल्या. "दीड वरीस झालं, डॉक्टर. पुण्याला दाखवलंय. ऑपरेशन करायसारखं न्हाई म्हनले. गोळ्या चालू हायेत." आणि गोळीचं इंग्रजी नाव त्यांनी न अडखळता सांगितलं, किती ताकदीची, केव्हा बदलली, त्यानं काय त्रास होतो. डॉक्टर सरळ माझ्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलायला लागला. त्याचं काय चुकलं? ज्याला माहीत त्याच्याशी बोलणार. तुझी बायको मी, सही माझी लागत होती, आणि मला एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मी तिथं बाकावर बसले आणि माझ्या मांडीवरच्या तुझ्या चपलांकडे बघत राहिले. येताना मी त्या उचलून आणल्या होत्या, तुला परत जाताना लागतील म्हणून.

दुपारी तू शुद्धीवर होतास. ताई समोर होत्या. ताईंसमोर मी तुला आयुष्यभर 'अहो' म्हणत आले. त्या दिवशी ते राहिलं नाही.

"ताईंना माहीत होतं," मी म्हटलं.

"हं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मशीन बंद केलं असतंस. माझ्या तोंडाकडं बघत बसली असतीस. मी घरात आलो की तुला मी दिसलो नसतो, आजार दिसला असता."

"आणि चिंचोके? दर रविवारी?"

तू ओठ ओले केलेस. "तू आधी ठेवायचीस. समोरच बसायचीस. चिंचोके मोजताना तुझे ओठ हलायचे, किती धरलेत ते कळायचं. मग मी तेवढेच ठेवायचो."

"म्हणजे माझं एकदाही बरोबर नव्हतं."

"बरोबर यायला हवं होतं तुझं," तू म्हणालास. "खूश व्हायचीस तू."

मला काय झालं कळलं नाही. "तू मला उल्लू बनवलंस," मी ओरडले. पलीकडच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. ताई म्हणाल्या, "शुभा, हळू." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." ताईंना मी असं कधी बोलले नव्हते. तू डोळे मिटून म्हणालास, "तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी नाही. तुला माझं रडणं बघायचं नव्हतं, म्हणून केलंस. तुझ्यासाठी केलंस, आणि वर नाव माझं लावतोस."

त्यावर तू हसलास. खरंच हसलास, त्या फोटोसारखा, डोळे बारीक करून. "नंतर भांडू, शुभे. आत्ता दमलोय."

स्वतःच्या जिवाबद्दल दीड वर्षात तू मला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला नाही. पाणी हवं का विचारलं नाही. रागानं खिडकीकडे जाऊन उभी राहिले, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. संध्याकाळी तुला आयसीयूत नेलं. नंतर तू बोलला नाहीस. भांडण तसंच राहिलं. तुझ्याशी भांडायला तयार होऊन मी काचेबाहेर बसून होते, आणि तू मला तेवढंही दिलं नाहीस.

दहाव्याला सीना नदीच्या काठी गेलो. पिंड मांडले, माणसं मागे सरली. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. भाऊबंद माझ्याकडे बघायला लागले. "वहिनी, काय इच्छा राहिली हुती त्यांची? तुमाला म्हाईत आसंल. बोला, शब्द द्या." सगळ्यांचं ठरलेलंच, की मला माहीत असणार. मी पिंडापुढं जाऊन हात जोडले. तुझी इच्छा काय होती, ती मला कशी कळावी? मला तर तू मरतोयस हेही कळलं नव्हतं. मग ताई पुढं आल्या. "विजू, शुभाकडं मी बघीन. काळजी करू नगंस," असं म्हणाल्या, आणि कावळा उतरला. बायका डोळे पुसायला लागल्या. माझं डोकं फिरलं. कावळ्याला भूक लागली असेल, दुसरं काय. पण तेव्हा मला वाटलं, मेल्यावरसुद्धा हा माणूस ताईंचंच ऐकतोय. त्या दिवसापासून मी ताईंशी बोलणं टाकलं. फोन उचलला नाही, निरोपाला उत्तर दिलं नाही.

आता कालचं सांगते. माईक हातात होता आणि समोर मिरजगावचे, कर्जतचे, राहुरीचे लोक बसले होते, तुझ्या वाट्या उचललेले. मी म्हटलं, "सरांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आमची चूक शून्य नव्हती. सर दीड वर्ष आजारी होते. मला माहीत नव्हतं. मी किती धरलेत ते बघून ते तेवढेच ठेवायचे."

देशमाने सर खुर्चीतून अर्धवट उठले होते. मधल्या रांगेतून कांताबाईंचा आवाज आला, "मंजी सरांनी लबाडी केली?"

"हो," मी म्हटलं. "केली."

आणि खरं सांगू? ते म्हटल्याबरोबर मला वाटलं, यांचं तोंड धरावं. तुला लबाड म्हणायचा हक्क माझा एकटीचा आहे, त्यांचा नाही. कांताबाई आबासाहेबांकडे वळून बघत होत्या. नवऱ्याला पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या. आबासाहेब म्हणाले, "आता माझ्याकडं काय बघती? मी धाच ठिवले हुते, जे हाय ते." कुणीतरी हसलं, कुणीतरी हसणाऱ्याला गप्प केलं. मी खाली येऊन बसले.

नंतर देशमाने सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, हे इथं बोलायला नको होतं. सरांचं काम आहे, आम्हाला ते पुढं न्यायचंय. लोकांचा विश्वास उडेल." मी म्हटलं, "कामाचंच बोलले. पुढं न्या. पण पाठीला पाठ लावूनच बसवा, कुणाची कंबर दुखली तरी." ते गोंधळून हो म्हणाले. हुशार माणूस आहे, तुझ्यासारखाच. एखाद्याला दुसऱ्याचं किती कळतं ते मोजता येईल त्याला. कळल्यावर तो त्या कळण्याचं काय करतो, त्याला कुठली वाटी लावणार?

तुझा हिशोब इथं चुकला, विजय. मी किती धरीन हे तुला बरोबर कळायचं. मी किती सोसू शकते हे तू कधी विचारलंच नाहीस. मनानंच ठरवलंस, हिला झेपणार नाही. मी रडले असते, खरंय. मशीन चार दिवस बंद राहिलं असतं, तुझ्या मागे लागून तुला भंडावून सोडलं असतं, नवस बोलले असते, शिर्डीला ओढत नेलं असतं, तू चिडला असतास. आणि मग मी उठून तुझ्या पॅन्ट आत घेतल्या असत्या, माहीत असून. पुण्याच्या बसमध्ये तुझ्या शेजारी मी बसले असते. तुझी उलटी मी धुतली असती, ताईंनी का धुवावी? माझं होतं ते.

सभा संपल्यावर ताई फाटकाजवळ उभ्या होत्या. शेवटच्या रांगेत बसल्या असणार, मी पाहिलं नव्हतं. एसटीनं आल्या होत्या, एकट्या. मी बाजूनं निघून जाणार होते. त्यांनी माझा दंड धरला.

"शिव्या दे मला," म्हणाल्या. "पर ऐकून घे. त्यानं आईची शपथ घातली हुती. मी लई येळा म्हनलं, बायकोला सांग, मला न्हाई पेलत. म्हनायचा, तू सोसशील, तू थोरली हाय. माझ्या मालकाला बी सांगू देईना. पुण्याला माल आनायला जाते म्हनून घरी खोटं बोलायची मी. त्यो मला सांगून मोकळा व्हायचा, गाडीत झोपायचा बी. मी जागी. दीड वरीस कुनाजवळ रडली न्हाई मी, शुभा. तुला तरी आता रडाया माणसं हायेत."

मी त्यांच्याकडे बघितलं. किती बारीक झाल्यात त्या. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या पडल्यात, पाठ सैल. मीच शिवलेला ब्लाउज. त्यांनाही तू विचारलं नव्हतंस, त्यांना झेपेल का. मला झेपणार नाही हे जसं ठरवलंस, तसंच त्यांना झेपेल हेही परस्पर ठरवून टाकलंस. आम्हा दोघींना मिळून तू गंडवलंस, प्रत्येकीला वेगळं. मी माफ केलं नाहीये, त्यांनाही नाही आणि तुलाही नाही. पण मी रिक्षाला हात केला आणि म्हटलं, "बसा. घरी चला."

रात्री दोघी जेवलो आणि झोपलो. आता सकाळ झाली आहे. हे मी कापड कापायच्या टेबलाशी बसून लिहितेय. ताई आतून चहा घेऊन आल्या आहेत आणि समोर बसल्या आहेत. मी म्हटलं, "ताई, आता सांगा."

"कुठून सांगू?"

"पहिल्या दिवसापासून. पुण्याच्या एसटीत बसलात तिथपासून. काय म्हणाला, काय खाल्लं, कुठं बसला, रडला का, माझं नाव काढलं का. वाईट असेल तेही सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही गाळायचं नाही."

ताईंनी कप खाली ठेवला आणि पदर सारखा केला. "लई भ्याला हुता," म्हणाल्या. "स्वारगेटला उतरलो, तर रस्ता वलांडंना. माझा हात धरून हुबा ऱ्हायला, ल्हान पोरावानी."

विजय, ते दीड वर्ष माझं होतं. तू ते दुसरीकडे ठेवलंस, मी ते परत घ्यायला बसले आहे. तू मध्ये बोलू नकोस.